माग

सुहैल उगवला की मुसल्लम म्हाताऱ्याची पाठ ताठ होते.
मी त्याला एकदा सांगितलं, आमच्यात याला अगस्ती म्हणतात,
हा दिसला की विहिरीचं गढूळ पाणी निवळतं.
तो हसला. म्हणाला, आमचं पाणी पाइपातून येतं.
इथे हा दिसला की रात्रीची वाळू पायाला गार लागते
आणि मग एक दिवस उत्तरेकडून हुबारा उतरतो.

ससाण्यांच्या हंगामाला अजून तीन आठवडे.
पहाटे चारला आम्ही मेझायरातून निघतो,
डांबर संपलं की टायरमधली निम्मी हवा सोडून देतो.
शाहदाद गाडी हाकतो, मुसल्लम खजूर चघळतो,
मी मागे हौद्यात, दांडी धरून उभा.
पगार माझ्या डोळ्यांचा आहे.

सूर्य कासराभर वर यायच्या आत बघून घ्यायचं.
ऊन तिरपं असतं तोवर प्रत्येक खुणेला सावली असते,
नंतर सगळं रान मुकं.
उंट कळायला डोळे लागत नाहीत.
कोल्हा एका रेषेत गेलेला, गोधडीला टाके घालावेत तसा.
सांड्याने शेपूट ओढत नेलेली.
आणि हे.
तीन बोटं, मागे अंगठा नाही.
बेलाचं पान कुणी पालथं ठेवून गेलंय.

खाली उतरलो, गुडघ्यावर बसून फुंकर घातली.
कडेवर दवाची खपली, म्हणजे काल रात्रीचं.
पुढच्या पावलाने मात्र खपली फोडलेली.
म्हणजे आत्ताच, आमचे दिवे दिसले तेव्हा.

माळढोकाचं याहून मोठं असतं.
करमाळ्याच्या माळावर आजाने दाखवलं होतं,
कमरेला घोड्याच्या केसांचे फासे,
"पाऊल काय बघतोस?
टाकताना त्याच्या मनात काय हुतं ते बघ."
तीच विद्या.
तिच्यापायी मी तिकडे तीन वेळा कोठडीत बसलो.
चौथ्यांदा बसलो तेव्हा काही केलंच नव्हतं,
गावात चोरी झाली होती आणि पाल आमचं जवळ होतं.
इथे तिचे अठराशे दिरहॅम, जेवण,
दोन वर्षांनी तिकीट.

रिम्थच्या झुडपापाशी एक दिसला.
दिसला म्हणजे काय,
बाकीची वाळू वाऱ्याने सरकत होती, तेवढीच थांबली होती.
दुर्बिणीत मानेची काळी पट्टी, पायात कडं,
कड्यावर नंबर.
पिंजऱ्यात अंड्यातून काढलेला, मग मोकळा सोडलेला.
मुसल्लम म्हणाला, याची जन्मतारीख हापिसात लिहिलेली असते.
माझी मास्तरांनी लिहिली. एक जून.
पालावरच्या सगळ्या पोरांना एकच.
दरसाल त्या दिवशी आम्ही सतरा जण एकदम म्हातारे होतो.

ऊन चढलं.
गाडीच्या सावलीत बसून बोटांच्या पेरांवर मोजलं,
कोण कुठे चरला, कोण कुठे बसला,
कोणाची विष्ठा अजून ओली.
नऊ.

आजा म्हणायचा, दोन रानाचे.
ते सोडायचे असं नाही, ते मोजायचेच नाहीत.
दया वगैरे नव्हती त्यात,
तित्तरं सोलताना त्याचा हात कधी थबकला नाही.
देवीशी ठरलेला हिशेब होता तो.

कम? मुसल्लमने विचारलं.
सबा, मी म्हणालो. सात.
तो माझ्याकडे बघत राहिला.
माझ्यामागून तोही वाकून बघत आला होता,
सत्तर वर्षं हीच वाळू वाचतोय.

मग त्याने शेखच्या माणसाला फोन लावला
आणि खणखणीत आवाजात सांगितलं,
खम्सा. पाच.

फोन खिशात गेला.
उरलेला खजूर त्याने माझ्या हातावर ठेवला.
शाहदादने यातलं काही ऐकलं नाही,
तो टायरमध्ये हवा भरत होता.