रुळांच्या पश्चिमेला

भोसरीला आमच्या शेडमध्ये एक लेथ आहे,
लिलावात किलोच्या भावाने घेतलेली.
तिच्या पितळी पट्टीवर चिनी अक्षरं.
अप्पा रोज ती ऑइलच्या फडक्याने पुसतात,
वाचता येत नाहीत म्हणून जरा जास्तच.

गुरुवारी एमआयडीसी बंद.
चाकणला प्रेस बसवायला आलेला क्वान
फिक्श्चर बघायला म्हणून आला
आणि फिक्श्चर राहिलं बाजूला.
पट्टीसमोर उकिडवा बसला,
चष्मा कपाळावर,
अक्षरांवरून बोट फिरवत एकच शब्द म्हणाला:
शेनयांग.

मग फोनमधली बाई त्याचं हिंदीत सांगू लागली.
शेनयांग म्हणजे शेन नदीचा उन्हाकडचा काठ.
ऊन किती, मी विचारलं.
जानेवारीत उणे वीस.

मांचू राजांनी तिथे महाल बांधला,
गावाला नाव दिलं, अर्थ उगवणं.
मग दुसरं नाव आलं, मग जपानी आले,
त्यांनी रुळांच्या पश्चिमेला धुरांडी लावली,
नंतर तेही गेले.
नाव बदलत राहिलं. भोंगा राहिला.
त्या वस्तीचं नावच मुळी ते,
तिएशी, रुळांच्या पश्चिमेला.
तिथे माणसं पत्ता सांगत नसत,
कारखान्याचा नंबर सांगत.

क्वानचे वडील तपासणीला होते.
पास झालेल्या लेथच्या बेडखाली
छिन्नीने स्वतःचा आकडा ठोकायचे. एकेचाळीस.
अठ्ठ्याण्णवला त्यांची एकोणतीस वर्षं
कारखान्याने रोख पैशात विकत घेतली.
इथे फोनमधली बाई अडखळली,
वर्षं विकत घेतली, वर्षं विकत घेतली.
अप्पा म्हणाले, समजलं. व्हीआरएस.

पुढे वडील सायकलींचे पंक्चर काढायचे.
संध्याकाळी कोंबडीचे सांगाडे भाजून मिळत,
मांस दुसऱ्या कुणीतरी नेलेलं,
हाडांना चिकटलेलं तेवढं ह्यांचं.
बिअरबरोबर तासभर चोखायचे ते सगळे,
फिटर, वेल्डर, मोल्डर,
आणि गावातली ती अजून सगळ्यात भारी चव आहे,
असं क्वान शपथेवर सांगत होता.

टॉर्च घेऊन तो लेथखाली शिरला.
आम्ही त्याचे नुसते बूट बघत होतो.
बऱ्याच वेळाने आवाज आला: सतरा.
सतरा कोण, त्याला ठाऊक नव्हतं.
तरी बाहेर आला तेव्हा
तळहाताला लागलेलं ग्रीस त्याने पुसलं नाही.

चहा झाला. जायची वेळ झाली.
त्याने डायल लावला आणि भुवई उचलली.
टेलस्टॉक वीस मायक्रॉन सरकलेला.
मशीन माझ्या गावचं, म्हणाला,
आणि दोन तास घाम गाळून,
पॅकिंग बदलत, ठोकत, मोजत,
त्याने ते शून्यावर आणलं.
पैशाचं विचारलं तर हात जोडले,
आमच्याकडून नुकताच शिकला होता.

शुक्रवारी अप्पांनी पहिला शाफ्ट काढला.
माझ्याकडे आला. मी मायक्रोमीटर लावला.
पुन्हा लावला.
रिजेक्ट.
रखमाजी गव्हाणे टर्नरचा जॉब
मी पहिल्यांदा लाल खोक्यात टाकला.
दुसरा, तिसरा, तेही.

वीस वर्षं त्यांचा हात
पासच्या शेवटाला केसभर मागे यायचा.
ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं.
स्वतःलाही नसावं.

दुपारी मी जेवायला बसले तेव्हा
शेडमधून पान्याचा आवाज आला,
एकदा, मग थांबून, हलकेच, एकदा.
मी डबा झाकून ठेवला.
चौथा शाफ्ट हातात आला, अजून कोमट.
मोजला, आणि खाली
पेन्सिलीने सतरा लिहिलं.