निरंक

महिनाअखेरीला जिल्ह्याला एक तक्ता जातो.
सर्पदंश किती, बाळंतपणं किती, कुत्रं चावलेले किती,
आणि अगदी खाली, पान संपता संपता,
औषध देताना झालेल्या चुका.
तिथं अकरा वर्षं मी एकच शब्द लिहितोय.
निरंक.
अक्षर चांगलंय माझं. वसमतच्या या दवाखान्यात
वाचता येईल असं तेवढंच.

डॉक्टरचं मी वाचत नाही, ओळखतो,
बाजारात पाठमोरा मेहुणा ओळखावा तसं.
बहुतेकदा तोच असतो.
एखाद्या वेळी हाक मारल्यावर
भलताच माणूस वळून बघतो.

गिरगावच्या चांदोजीला नातवानं चिठ्ठी वाचून दाखवली.
‘गोळीम्होरं बीडी लिवलंय, सायेब,
मनून गोळी खाऊन एक बीडी वढायलो,
खोकला काई जाईना.’
रांग हसली. मीही हसलो.
दिवसातून दोनदा, असं त्या दोन अक्षरांचं मराठी
त्याला कुणी करून दिलं नव्हतं.
मीसुद्धा.

चतुराबाई हळदीच्या कारखान्यात कामाला.
तिला मी रंगानं शिकवलं होतं :
पांढरी दोन टाइम, गुलाबी फक्त सकाळी.
पाढ्यासारखं पाठ केलं तिनं.
मार्चात टेंडर बदललं,
गुलाबी गोळी पांढरी होऊन आली.
खोक्यावर नाव तेच, नोंदवहीत सही माझीच,
फक्त सांगायचं राहिलं.
त्या दिवशी खिडकीवर दोनशे चौदा माणसं होती,
हे मी कुणाला सांगत नाही,
कुणी विचारतही नाही.

चौथ्या रात्री तिला रिक्षातून आणली,
घामानं चिंब, दातखीळ बसलेली,
हात कोपरापर्यंत पिवळे.
शिरेतून साखर गेली तेव्हा कुठं डोळे उघडले.
सकाळी तिनं ओच्यातून पुडी काढली.
हळदीच्या हातांनी हाताळून हाताळून
गोळ्यांना एकच रंग आलेला.
‘आता तर समद्याच पिवळ्या हायेत, भाऊ.
माजंच चुकलं आसंल.’

तिनं असं म्हणू नये यासाठी
कोणता अर्ज भरावा लागतो,
मला अजून सापडलेला नाही.

रात्री वॉर्डात एकटी घुगे सिस्टर,
तीस कॉटा, खालच्या गाद्या वेगळ्या.
लाइट गेली की मोबाइल दातात धरून इंजेक्शन भरते.
नऊवर मुंजाजी, एकोणीसवरही मुंजाजी.
एकदा सकाळी खिडकी उघडायच्या आधी आली,
बोलली नाही, रिकामी अँप्यूल काउंटरवर ठेवली.
करंगळीएवढी काच. आम्ही दोघं बघत राहिलो.
‘उठला का?’
‘उठला. चहा मागायला.’
मग तिनं ती डब्यात टाकली, हात धुतले, घरी गेली.
मेमो माणसांना निघतो,
सारख्या दिसणाऱ्या बाटल्यांना नाही.

मार्केट कमिटीच्या कॅलेंडरमागं
मी पेन्सिलीनं ठिपके देतो.
गेल्या महिन्यात त्रेचाळीस.
हे फक्त मला दिसलेले.
पोह्यांच्या चमच्यानं बाळाला पाजलेलं औषध,
शेजारणीला उसनी दिलेली अर्धी पट्टी,
‘गुण आला नाही’ म्हणून दुसऱ्या गावाला गेलेले,
कुठल्याच गावाला न गेलेले,
त्यांचा ठिपका कुठं द्यायचा?

काल चतुराबाईच्या पुडीवर
मी स्केचपेननं सूर्य काढला. सकाळची गोळी.
तिनं पुडी डोळ्यांपाशी धरली,
उलटी केली, सुलटी केली.
‘ही भाकर का, भाऊ?
मंजी जेवल्यावर घ्यायची?’

आज तीस तारीख. तक्ता समोर आहे.
‘नि’ लिहून झालंय.
खिडकीच्या गजावर कुणीतरी
रुपयाचं नाणं वाजवतंय.