सोबत पुरवणी जोडली आहे

अर्जात 'पूर्वीचे क्लब' या रकान्याला तीन ओळी.
आमच्या पोरांना एक पुरते,
बऱ्याचदा तीही कोरीच राहते.

नेमेसिओ याक्तायो, पासपोर्टावर वय चौतीस,
देश पेरू, जागा पुढच्या फळीत,
माझ्यासमोरच्या डुगडुगत्या खुर्चीत बसला
आणि सांगत सुटला.
मध्ये पिंटो, पोर्तुगीजच्या काठीवर
स्पॅनिश तोलत.
तिसऱ्या ओळीला मी पेन थांबवलं,
कपाटातून फुलस्केप काढला, टाचणी शोधली.

एक, चिम्बोते. बंदर, मासळीच्या भुकटीचे कारखाने,
बापाची बोट. सोडण्याचं कारण?
"वास," म्हणाला, आणि हसला.
दोन, गुआयाकिल. प्रशिक्षक बदलला.
तीन, ओरूरो. समुद्रापासून पावणेचार हजार मीटर वर.
कारण: श्वास.
मग मेक्सिको, एका मोसमात एकवीस गोल.
एकवीस त्यानं हातांनीच दाखवले,
दोन्ही पंजे दोनदा, मग एक बोट,
आणि ते बोट जरा वेळ तसंच वर राहिलं.
मग गुडघा.
मग ग्रीसमधला दुसरा विभाग, अध्यक्ष तुरुंगात.
सायप्रस, सहा महिने पगार नाही.
कझाकस्तानात बर्फावर केशरी चेंडू,
आणि बायको विमानतळावरूनच परत गेली,
ते मी 'वैयक्तिक' असं लिहिलं.
मलांग. हायफाँग. अजून काही, ज्यांचं स्पेलिंग
त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं.
एकूण सतरा.

पिंटोला विचारलं,
पायाला भिंगरी, याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात रे?
पिंटो म्हणाला, करार.

मी या टेबलावर एकतीस वर्षं.
पंखा दोनदा बदलला, खिडकी एकदाही नाही.
खिडकीतून कूपरेज दिसतं, अर्धंच.
उत्तरेकडचा गोलपोस्ट दिसतो,
दक्षिणेकडचा आवाजावरून कळतो.

बॅलार्ड पिअर ॲथलेटिककडून तो अकरा सामने खेळला.
उत्तरेकडे मारलेले सगळे मी पाहिले.
एक खांबाला, एक बाहेर, एक थेट गोलकीपरच्या कुशीत,
जणू झोपलेलं मूल परत दिलं.
गुडघा वळायच्या आधी तो थोडा विचार करायचा,
तेवढ्यात मदनपुऱ्याचा सोळा वर्षांचा झैद
चेंडू घेऊन निघून गेलेला असायचा.

एकदा म्हणाला, सेन्योर चुरी, मासळी कुठे मिळते?
पहाटे ससून डॉकला नेला.
बर्फाच्या ढिगाशी, कोलंबी सोलणाऱ्या बायकांच्या रांगेशी
तो उभा राहिला, डोळे मिटून,
इतका वेळ की एकीनं मला विचारलं,
ह्येला भोवळ आली काय?
मी म्हटलं, नाही.
घेतलं काहीच नाही त्यानं.

शेवटचा सामना रविवारी, उत्तरार्ध दक्षिणेकडे.
मी मागची टपालं उरकत होतो.
आधी मैदान गप्प झालं,
शिक्का हातात तसाच राहिला,
मग पत्रे थरथरले.

सोमवारी तो ना-हरकत दाखल्याला आला.
मालदीव. पिंटो आला नव्हता.
मी चेंडूचा आकार हवेत काढला, भुवया उंचावल्या:
तू?
त्यानं मान हलवली. झैद.
मग स्वतःच्या उजव्या बुटावर बोट ठेवलं,
तिथून एक लांब रेघ
माझ्या टेबलावरून, दौतीच्या बाजूनं,
फायलींच्या मधून काढत नेली,
आणि टाचण्यांच्या डबीपाशी थांबवली.
इथे, म्हणाला. मराठीत.
एवढा एक शब्द तो शिकला होता.

अठरावी ओळ फुलस्केपवर मावली नाही.
दुसरा कागद जोडला. मुंबई.
कारण: मोसम संपला.

तो गेल्यावर मी खुर्ची ओढत
खिडकीच्या दुसऱ्या अंगाला नेली. कंबर धरली.
शिपाई म्हणाला, साहेब, रिटायरमेंटला चार महिने राहिले आणि आता?
तिथूनही अर्धंच दिसतं.
पण दुसरं.