नऊ सेंट

डुलूथ, उणे अठरा. माझ्या काउंटरशी
मिसेस हॅल्वर्सन हातमोजे काढतात,
मग बिस्किटांच्या डब्यातून कुपनं,
कडा कात्रीने नीट सरळ केलेल्या.

कंपनीचं एक, त्यावर दुकानाचं एक,
त्यावर मंगळवारची ज्येष्ठांची सूट.
मागे रांग खाकरते.
मी मॅनेजरला बोलावतो. तो नियम वाचतो,
पुन्हा वाचतो.
बरोबर आहे त्यांचं.

मांजराच्या खाण्याचे चौदा डबे. बिल शून्य.
वर दुकानच त्यांचं
नऊ सेंट देणं लागतं.

"नाव काय मांजराचं?"
त्या नाणी मोजून घेतात.
"मांजर अजून नाही," म्हणतात,
"खाण्याची सोय झालीय."

थोड्या वेळाने बर्फ ओढायला बाहेर गेलो,
तर पार्किंगमध्ये त्या
एकेका गाडीखाली
वाकून बघत होत्या.