मोजणी

कुमवेर्नच्या वाचनालयाच्या दारात
गुडघ्याच्या उंचीवर एक किरण आहे, डोळ्यांना न दिसणारा.
येणारा तो तोडतो, जाणाराही तोडतो,
आतली डबी दोनाने भागते
आणि एक माणूस धरते.
मार्चअखेर तो आकडा कौन्सिलकडे जातो.
कौन्सिल मग ठरवतं
आम्ही आहोत की नाही.

डबीला कळत नाही कोण कशासाठी आलं.
मी तेगवेन, या टेबलाशी एकोणीस वर्षं.
मला कळतं,
पण त्याला फॉर्मवर रकाना नाही.

साडेनऊला ईदवाल येतो, घरचा हीटर बंद ठेवून.
वर्तमानपत्र उघडून धरतो, पान उलटत नाही.
रेडिएटरजवळची खुर्ची मी दुसऱ्या कुणाला देत नाही,
तोही कधी आभार मानत नाही.
हिशेब चोख.

मग सेम्हार, तान्हं पोर पोटाशी बांधून.
अर्ज भरायचाय: मागच्या पाच वर्षांतले सर्व पत्ते.
तंबू लिहायचा का, ती विचारते.
लिही, म्हणते मी.
पण पोस्टकोड टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नाही.
त्या लाल फुलीकडे आम्ही दोघी बघत बसतो.
शेवटी मी वाचनालयाचाच टाकते.

परवा एकाने ड्रिल मशीन नेलं,
तीन आठवड्यांच्या मुदतीवर, भिंतीत फळी ठोकायला.
फळीवर काय ठेवणार, मी आशेने विचारलं.
टीव्ही, म्हणाला.

कार्डांच्या जुन्या कपाटात आता बियाणं असतं.
'वेल्सचा इतिहास' या खणात वाटाणे,
'धर्म, इतर' मध्ये मुळा.
एक मूठ न्यायची, हंगामाअखेर
जमल्यास दोन मुठी परत करायच्या.
पुस्तकांपेक्षा वाटाणे वेळेवर येतात.

पुस्तकं आहेत. मागच्या भिंतीशी आहेत.
कधी कुणी एखादं मागतं, तेव्हा मी उगाच
साडी नेसल्यासारखी नव्हे, पण
केस नीट करून उठते.

दारावर पितळी पाटी आहे.
खाणीतल्या माणसांनी बांधली ही इमारत,
पगारातून आठवड्याला एक पेनी कापून.
अकराव्या ओळीत ईदवालचा आजोबा.
त्याला वाचता येत नव्हतं, ईदवाल सांगतो,
शनिवारी कोपरापर्यंत हात घासून यायचा,
एखादं पुस्तक उतरवायचा, थोडा वेळ धरायचा,
परत ठेवायचा.
नखांतला कोळसा निघायचा नाही, म्हणून
पानांना शिवायचा नाही.

एकतीस मार्च. दुपारी मी डबी उघडली.
दोनशे चौदा कमी.
कुणाशी बोलले नव्हते, पण खोली लहान आहे
आणि माझा चेहरा पूर्वीपासून पोटात काही ठेवत नाही.
ईदवाल उठला. गुडघ्यावर हात दाबून उठला.
बाहेर गेला. आत आला. बाहेर गेला.
वारा दर खेपेला त्याच्याआधी आत शिरत होता.
मी एक फाइल काढली आणि अतिशय मन लावून
उलटी धरून वाचत राहिले.
ही लबाडी आहे, हे मला माहीत आहे.
त्या पोस्टकोडइतकीच.

एक्केचाळीस खेपांनंतर तो खुर्चीत बसला,
वर्तमानपत्र उघडलं,
आणि दम लागल्याचं लपवायला
पहिल्यांदाच पान उलटलं.

सेम्हार पोराला घेऊन निघाली, तेव्हा
डबीने एकच माणूस धरला.
पोटाशी बांधलेलं कुठलं मोजणार ते यंत्र?
मी दारापाशी वाकले.
किरणात हात घातला, काढला: पोरासाठी.
पुन्हा घातला, काढला:
शनिवारी हात घासून येणाऱ्यासाठी.

अजून एकशे एकाहत्तर.
वाचनालय पाचला बंद होतं.
सव्वापाच झाले आहेत
आणि दार मी अजून लोटलेलं नाही.