वारा सरला का?

रोज सकाळी सात वाजता
नर्स मार्युन पडदा सरकवते आणि विचारते,
"वारा सरला का?"

खिडकीबाहेर तोर्शहाव्नचं बंदर.
बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटताहेत,
झेंड्याची दोरी रात्रभर खांबावर टकटकतेय,
दक्षिणेची फेरीबोट दोन दिवस सुटलेली नाही.
या बेटांवर वाऱ्याला काय तोटा?
आणि मी, एक्कावन्न वर्षांचा,
जाळी दुरुस्त करणारा ब्रांदुर,
एवढ्याशा वाऱ्यासाठी
छताकडे बघत पडून आहे.

नाही, म्हणतो मी.
ती पोटावर गार स्टेथोस्कोप टेकवते,
बंद दाराला कान लावावा तशी ऐकते.
आत कुणी बोलत नाही.

वीस वर्षं बोलत होतं की ते.
ट्रॉलरवर, जाळं वर येत असताना नेमकं.
भावाच्या लग्नात, तिसऱ्या स्तोत्राला.
कुठेही गेलो की मी आधी दार बघायचो,
मग माणसं.
"ब्रांदुरला नेहमीच घाई," म्हणायचे लोक.
मी कुणाला सांगितलं नाही, पोटातच ठेवलं.
त्याला दुसरी जागा होतीच कुठे?

डॉक्टर लुन्गॉर डेन्मार्कची, तरुण.
कागदावर पेनाने आतडं काढून दाखवलं तिने:
इथे सुजलंय, इथे आवळलंय,
एवढं काढायचं, मग ही दोन टोकं जोडायची.
म्हटलं, कळलं.
फाटक्याला फाटकं बांधत नाही आम्हीही.
आधी कापत जायचं,
चारही गाठी शाबूत असलेला डोळा लागेपर्यंत.
ती हसली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाली,
"परत आला, तर बहुतेक या सांध्यापाशीच येतो."
हेही मला माहीत होतं,
जाळ्यांचं.

चौथ्या रात्री, तीनच्या सुमाराला,
टाके धरून कुशीवर वळलो,
आणि एक बारीकसा, लाजरा,
सुटला.
शेजारच्या खाटेवरून, अंधारातून,
म्हातारा पोउल म्हणाला, "अभिनंदन."
म्हणजे तोही जागाच होता.
मी हसलो, आणि हसताना इतकं दुखलं
की रडलो, आणि रडतानाही तेवढंच.

बाहेरचा वारा तसाच होता.
फेरीबोट आणखी एक दिवस थांबली.

घरी येऊन तीन आठवडे झाले.
वजन उचलायचं नाही. भाकरी मऊ. गाजर शिजवून.
सुई-दोरा हातात घेतो, पण
जाळं ओढलं की टाक्यांची जागा ओढते, मग ठेवून देतो.
ऑक्टोबर. गावात मेंढ्या कापताहेत.
सान्नामावशीच्या तळघरात
नऊ मेंढ्यांची आतडी परातीत वाफाळताहेत.
ती काठीवर एकेक उलटं करते, गार पाण्यात धुते,
रक्त आणि चरबी भरायला.
बारा वर्षांचा असताना
मी एक टोक धरून धावत सुटलो होतो,
दारातून, कुंपणातून, थेट होडीच्या खोपटापर्यंत,
तरी संपलं नव्हतं.
मागून तिच्या शिव्या.

"तुझं किती काढलं?"
कोपरापासून बोटापर्यंत हात दाखवला.
हातभर.
"एवढं तर माझं गाठी मारण्यातच वाया जातं,"
ती म्हणाली.
मग बराच वेळ माझ्याकडे बघितलंच नाही.
तेच एक आतडं पुन्हा पुन्हा धूत राहिली.

आतडं तुटणं म्हणजे काय,
मला टाक्यांच्या आकड्यासकट ठाऊक आहे.
पण त्या तळघरात, पिवळ्या दिव्याखाली
तुटत होतं ते माझं नव्हतं.

पायाने तिने स्वतःचं स्टूल माझ्याकडे ढकललं.
"बस. उभा राहू नकोस."
मग पाणी निथळणारा हात पुढे केला.
"धर हे टोक."

धरलं.
गार होतं, गुळगुळीत, वजनाला काहीच नाही.
या खेपेला धावलो नाही.