मागचा हात

लुइस्टनमध्ये फेब्रुवारी.
हिबाकच्या तळघरातल्या पाळणाघरात
बुटक्या खुर्चीवर बसलेय, गुडघे हनुवटीशी,
पॅडवर तारीख तेवढी लिहून.

सव्वीस वर्षं मुलं सांभाळली.
आता सांभाळणाऱ्यांना शिकवायचं म्हणे.
पगार थोडा बरा, पाठीला आराम.

अयूबने थिओच्या दंडाला कडकडून चावा घेतला.
माझे हात निघालेच होते,
मी त्यांच्यावर बसले.

हिबाक आधी थिओपाशी गेली.
मी अयूबकडे धावले असते,
आवाज चढवत,
सव्वीस वर्षं धावलेच.

तिने खिडकी ढकलून बाहेरचा मूठभर बर्फ ओढला,
फडक्यात बांधून दंडावर धरला,
सोमालीत काहीबाही पुटपुटत.
आणि दुसरा हात, न बघताच, मागे पसरलेला.
अयूब भिंतीपाशी. हात तसाच.
खेळण्यातल्या गाडीची बॅटरी किरकिरून थांबली,
हात तसाच,
तो येऊन त्या तळव्यात तोंड लपवेपर्यंत.

दुपारी मुलं निजली.
चहात वेलची जरा जास्तच.
"सांगा, काय चुकलं माझं?"
पॅड कोरं.
म्हटलं, तो मागचा हात
कुणाकडून शिकलीस?

"कुठला हात?" ती म्हणाली.